एका दाबाला एकच आकडा : सुट्या नंबर पॅडविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका वाचकाने विचारले होते, की लहान लॅपटॉपला उजवीकडची आकड्यांची बटणे नसतात, मग हिशेबासाठी सुटा नंबर पॅड घ्यावा का? आम्ही लिहिले होते : घ्यावा, वायरचा घ्यावा आणि परवडत असेल तर मेकॅनिकल घ्यावा. त्यावर किनारपट्टीवरून बरीच पत्रे आली. कोणाला उत्तर पटले, कोणाला पटले नाही, आणि काहींचे पॅड एका पावसाळ्यातच रुसले. निवडक पत्रे उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : आमच्याकडे पिग्मीच्या नोंदी रोज संध्याकाळी एकदम होतात. नवे पॅड घ्यायचे ठरले, पण तिघांची तीन मते. एकाला टिकटिक वाजणारे हवे, दुसऱ्याला अगदी हलके, तिसरा म्हणतो साध्या पॅडवर भागते. कोणाचे ऐकावे?
— लेखनिक, पतसंस्था, चिपळूण

उत्तर : तिसऱ्याचे आधी घेऊ. साध्या, म्हणजे मेम्ब्रेनच्या पॅडमध्ये सगळ्या बटणांखाली रबराची एकच चादर असते. बटण पार तळाला टेकले तरच आकडा उमटतो. रबर थकले की सर्वाधिक वापरातली बटणे आधी मऊ पडतात, म्हणजे शून्य, पाच आणि एंटर. एक बटण गेले तरी अख्खे पॅड बदलावे लागते. दिवसाला पंचवीस-तीस नोंदी असतील तर त्यावर खुशाल भागवा. पिग्मीचे काम तसे नाही. तासभर सलग आकडेच आकडे असतात आणि नजर पावतीवर असते, पडद्यावर नाही. आकडा पडला की नाही हे बोटालाच कळावे लागते. मेकॅनिकल पॅडचे खरे काम ते.

मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो. आत एक स्प्रिंग आणि धातूची दोन पाती. बटणाची पूर्ण चाल साधारण ४ मिलिमीटर असते, आकडा मात्र सुमारे २ मिलिमीटरवरच उमटतो. स्विचचे प्रकार रंगावरून ओळखतात. चेरी कंपनीच्या एमएक्स स्विचच्या मापात बोलायचे तर लाल स्विचला सुमारे ४५ ग्रॅम जोर लागतो आणि मध्ये काही जाणवत नाही, तपकिरीला ५५ ग्रॅम आणि मध्यावर एक छोटा अडसर जाणवतो, निळ्याला ६० ग्रॅम आणि अडसरासोबत टिक असा आवाज येतो. इतर कंपन्यांचे रंगही साधारण याच अर्थाने असतात, तरी खोक्यावरचे ग्रॅम वाचूनच घ्यावे.

निळ्याची टिक काउंटरवर समोर बसलेल्या खातेदाराला नकोशी होते, आणि एका खोलीत तीन निळे पॅड चालू असले की फोनवरचे बोलणे ऐकू येत नाही. लाल स्विच वेगासाठी चांगला, पण आकड्यांच्या कामात बोटे ४-५-६ वर विसावलेली असतात आणि हलक्या बटणावर नुसते बोट टेकले तरी आकडा जातो. आमचे मत तपकिरीच्या बाजूने आहे.

त्यातही एक सुधारणा सुचवतो. करंगळी एंटर, अधिक आणि उणे सांभाळते. ती सगळ्यांत कमजोर आणि सगळ्यांत बेसावध. टॅलीत एंटर दाबत दाबत शेवटच्या रकान्यापर्यंत गेलो, की ‘स्वीकारायचे का’ या प्रश्नालाही तोच एंटर ‘हो’ म्हणतो. एक एंटर जास्त पडला की अर्धवट तपासलेले व्हाउचर जमा होते. म्हणून हॉट-स्वॅप पॅड घ्या, ज्यात स्विच सोल्डर न करता ओढून काढता येतो, आणि एकट्या एंटरखाली ६५ ते ७० ग्रॅमचा स्विच बसवा. बाकी सोळा बटणे तपकिरीच ठेवा. ‘हलके हवे’ म्हणणाऱ्यांचे समाधान होते आणि एंटरही आवरतो.

घेताना एवढे पाहा : बटणे किमान १७ हवीत. शून्य, अधिक आणि एंटर ही तीन बटणे दुप्पट लांबीची असतात. त्यांच्याखाली स्टॅबिलायझर म्हणजे तारेची कमान असते. बटणाच्या मध्यावर दाबून उपयोग नाही, दोन्ही टोकांवर दाबून पाहा. एक टोक खाली जाऊन दुसरे अडकत असेल तर कमान वाकडी आहे. शून्य आपण अंगठ्याने टोकावरच दाबतो, त्यामुळे हा दोष रोज नडतो.

प्रश्न : आंब्याच्या हंगामात वाशीहून दलालांच्या पट्ट्या येतात. पेट्या, डझन, दर, हमाली, भाडे, दलाली असे रकाने मीच भरतो. यंदा बेरीज सारखी चुकते. मेकॅनिकल पॅड दोन वर्षांचे आहे. चूक माझी की पॅडची, हे कसे ओळखावे?
— हापूस बागायतदार, देवगड

उत्तर : चुकलेला फरकच सांगतो. मूळ रकमेत आणि नोंदीत जो फरक आला आहे त्याला ९ ने भागा.

फरकाला ९ ने नि:शेष भाग जात असेल तर बहुधा शेजारचे दोन आकडे उलटे पडले आहेत. २७५० च्या जागी २५७० गेले तर फरक १८०, म्हणजे ९ गुणिले २०. ही चूक बोटांची, पॅडची नाही.

९ ने भाग जातो आणि भागाकार म्हणून मूळ रक्कमच हाती येते, तर शेवटी एक शून्य जास्त पडले आहे. ४५० च्या जागी ४५०० झाले, फरक ४०५०, त्याला ९ ने भागले की ४५०. इथे दोष तुमचा असू शकतो किंवा शून्याच्या बटणाचा.

९ ने भाग जात नसेल तर नोंदीत एखादा आकडा दोनदा पडला आहे का पाहा. ४५० चे ४५५० झाले तर फरक ४१००, त्याला भाग जात नाही. दोनदा पडलेला आकडा वेगवेगळ्या नोंदींत तोच असेल, सारखा ५ किंवा सारखे ८, तर दोष त्या बटणाच्या स्विचमध्ये आहे.

खात्रीसाठी नोटपॅड उघडा. संशयित बटण सावकाश, एकेक करून ५० वेळा दाबा. खालच्या पट्टीत ओळ आणि कॉलमचा आकडा दिसतो. मोजणी १ पासून सुरू होते, म्हणून पन्नास दाबांनंतर कॉलम ५१ दिसायला हवा. ५२ किंवा ५३ दिसला तर बटण डबल टाकते आहे, ४९ दिसला तर खाते आहे. हीच चाचणी सगळ्या दहा आकड्यांवर करा, दहा मिनिटे लागतात. त्या दहा मिनिटांत हंगामभराची शोधाशोध वाचते.

आता कारण. स्विच दाबला की पाती एकदा टेकून थांबत नाहीत, काही सहस्रांश सेकंद थरथरतात. पॅडमधली चिप तेवढा वेळ वाट पाहून एकच दाब मोजते. बऱ्याच पॅडमध्ये ही वाट सुमारे ५ सहस्रांश सेकंदांची असते. पातींवर मळ किंवा क्षार बसला की थरथर लांबते, चिपची वाट संपल्यावरही चालू राहते, आणि मग एका दाबाचे दोन आकडे होतात.

आपल्याकडे हा क्षार येतो कुठून? खाऱ्या वाऱ्याबरोबर. समुद्राकडच्या खिडकीच्या काचेवर बोट फिरवले की जो चिकट थर लागतो तोच पॅडमध्ये बसतो. उन्हाळ्यात तो कोरडा असतो, फारसा त्रास देत नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि विरघळते. जूनपासून आपल्या हवेत आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून जास्तच असते. म्हणून एप्रिलपर्यंत धड चाललेले पॅड मृगात बिघडते, आणि लोक पावसाला दोष देतात. क्षार त्याआधीच बसलेला असतो.

उपाय क्रमाने करा. आधी पॅडची वायर काढा. तारेच्या चिमट्याने कीकॅप, म्हणजे बटणाची वरची टोपी, सरळ वर ओढा, तिरकी ओढू नका. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब स्विचच्या दांड्याभोवती सोडा आणि दांडा तीस-चाळीस वेळा खालीवर करा. पूर्ण वाळू द्या, मग पन्नास दाबांची चाचणी पुन्हा करा. दोन वेळा करूनही डबल पडत असेल तर तो स्विच गेला, त्याच्या मागे लागू नका. हॉट-स्वॅप असेल तर चिमट्याने वरची आणि खालची खुंटी आत दाबून स्विच सरळ ओढा. नवा बसवण्याआधी त्याच्या दोन तांब्याच्या पिना अगदी सरळ आहेत ना ते डोळ्यांपाशी धरून पाहा. वाकडी पिन सॉकेटमध्ये न जाता खाली दुमडते, बटण मेलेले दिसते आणि आपण नव्या स्विचला नावे ठेवतो. हंगाम चालू असेल आणि सुटा स्विच हाताशी नसेल, तर उणे किंवा भागाकाराच्या बटणाखालचा स्विच काढून पाचाखाली घाला. पट्ट्यांच्या नोंदीत ती बटणे फारशी लागत नाहीत.

विंडोजमध्ये ‘फिल्टर कीज’ नावाची सोय आहे, लागोपाठचे दुसरे दाब ती गाळते. ती लावा असे अनेक जण सुचवतात. आकड्यांच्या कामाला ती लावू नका. तिची सर्वात कमी मुदत अर्ध्या सेकंदाची आहे. तेवढ्या वेळात आपण मुद्दाम टाकलेली दोन शून्येही ती गाळून टाकते, आणि ४५०० चे ४५० होतात.

प्रश्न : सेवा केंद्रात दिवसभर आधार आणि मोबाइल क्रमांक भरायचे असतात. पॅड लावले की लॅपटॉपवर एलच्या जागी ३ आणि एमच्या जागी ० पडतो. पॅड काढले की सगळे ठीक. शिवाय घाईत ९ च्या जागी ३ पडण्याचे प्रमाण फार आहे. स्विच खराब आहे का?
— सेवा केंद्र चालक, मालवण

उत्तर : दोन्हींत स्विचचा दोष नाही.

पहिली अडचण नम लॉकची. १९८१ च्या आयबीएम पीसीला ८३ बटणांचा कीबोर्ड होता. त्यात बाणांची बटणे वेगळी नव्हती. आकडे आणि बाण एकाच बटणावर होते आणि त्यांत बदल करायला नम लॉक आले. ती पद्धत अजून चालू आहे. काही लॅपटॉपांत जे, के, एल या अक्षरांवर १, २, ३, यू, आय, ओ वर ४, ५, ६ आणि एमवर ० असा लपलेला आकडेफलक असतो. विंडोजमध्ये नम लॉक सगळ्या कीबोर्डांना मिळून एकच असते. पॅडवर ते चालू केले की लॅपटॉपचा लपलेला फलकही जागा होतो. लॅपटॉपवर एफएन धरून नम लॉक दाबून पाहा. बऱ्याच मॉडेलांत तेवढ्याने लपलेला फलक बंद होतो आणि पॅडचे आकडे चालू राहतात. नाही जमले तर लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, तशी सोय आहे का पाहा.

काही पॅडवर ‘स्वतंत्र नम लॉक’ असे लिहिलेले असते. त्यातल्या अनेकांची युक्ती अशी की प्रत्येक आकड्याआधी आणि नंतर पॅड स्वतःच नम लॉक दाबून सोडते. संगणक चपळ असेल तर कळतही नाही. सर्व्हरवर दुरून काम करताना किंवा नेट रेंगाळत असताना हा क्रम चुकतो, आकड्याऐवजी बाण जातो आणि कर्सर भलत्याच रकान्यात उडी मारतो. पडद्याच्या कोपऱ्यात नम लॉकची सूचना सारखी लुकलुकत असेल तर कारण हेच. सेवा केंद्राला असले पॅड घेऊ नये.

दुसरी अडचण मांडणीची आहे. हिशेबयंत्रावर आणि संगणकावर ७-८-९ वरच्या ओळीत असतात. दहा बटणांच्या बेरीजयंत्रांपासून, म्हणजे १९१४ च्या सुमारापासून, ती चाल आहे. फोनवर १-२-३ वर असतात. बेल कंपनीने माणसांवर चाचण्या घेऊन ती मांडणी निवडली आणि १९६३ मध्ये बटणांचे फोन बाजारात आले. कार्ड मशीन आणि एटीएम फोनच्या वळणाने जातात. तुमचा हात दिवसभर मोबाइल, कार्ड मशीन आणि पॅड यांत फिरतो, म्हणून चुकतो. मधली ४-५-६ ची ओळ दोन्हींत तीच आहे. अदलाबदल होते ती फक्त १ आणि ७, २ आणि ८, ३ आणि ९ यांची. चुका याच जोड्यांत असतील तर पॅडला हात लावू नका. प्रत्येक क्रमांक सुरू करताना मधले बोट ५ वरच्या उंचवट्याला लावा, मग पहिला आकडा टाका. आपले मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. त्यामुळे पहिलाच आकडा चुकला तर बहुतेक फॉर्म तिथेच अडवतात. मधला चुकला तर ओटीपी भलत्याच माणसाच्या फोनवर जातो. आधारचे १२ आकडे चार-चारच्या तीन गटांत मोठ्याने म्हणत टाकले तर चुका खूप कमी होतात.

प्रश्न : लिलाव संपला की जागेवरच वजन आणि दर टॅबलेटमध्ये भरतो. तिथे वायरलेस मेकॅनिकल पॅड कसे?
— मासळी व्यापारी, हर्णै

उत्तर : बंदरावर मेकॅनिकल नेऊ नका, हे स्पष्ट सांगतो. ओले हात, खवले, बर्फाचे पाणी आणि रेती ही चारही उघड्या स्विचची शत्रू आहेत. तिथे सिलिकॉनचे बंद, धुता येणारे पॅड वापरा आणि बिघडले की बदला. मेकॅनिकल पेढीवर ठेवा. बंदरावर मेकॅनिकलच हवे असा आग्रह असेल, तर ज्यात धातूची पाती उघडी नसतात असे स्विच पाहा. कैल्ह कंपनीच्या ‘बॉक्स’ स्विचमध्ये संपर्क एका बंद डबीत असतो. चुंबकी आणि प्रकाशाच्या स्विचमध्ये पातीच टेकत नाहीत, त्यामुळे डबल पडण्याचे मूळच जाते. तरीही स्प्रिंग, स्टॅबिलायझरची तार आणि खालचा सर्किट बोर्ड गंजतोच.

वायरलेसबद्दल : काही मिनिटे हात लागला नाही की पॅड झोपते आणि जागे होताना पहिला आकडा गिळते. १२५० चे २५० होतात आणि लक्षातही येत नाही. पेढीवर वायरलेसच वापरत असाल तर नोंद सुरू करण्याआधी नम लॉक दोनदा दाबून त्याला जागे करा. २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल, म्हणजे संगणकाला लावायचा वायरलेस पॅडचा छोटा तुकडा, यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टला, हार्ड डिस्कशेजारी लावला तर त्या पोर्टच्या विद्युत गोंगाटामुळे आकडे गळतात. फूटभर एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल दूर आणा किंवा जुन्या काळ्या पोर्टला लावा.

प्रश्न : पॅडवर दुधाचा चहा सांडला. पुसले, पंख्याखाली ठेवले. आता ४, ५ आणि ६ चिकट झाले आहेत. कोणी खोबरेल तेलाचा थेंब सोडा म्हणतात.
— हिशेबनीस, रत्नागिरी

उत्तर : खोबरेल तेल अजिबात नको. सुरुवातीला बटण मोकळे वाटेल, पण तेल धूळ धरते, थंडीत घट्ट होते आणि पातींवर थर बसवते. शिवणयंत्राचे तेलही नको, ते पातळ असल्याने थेट पातींपर्यंत उतरते. सॅनिटायझरही नको, त्यात ग्लिसरीन असते, ते वाळत नाही.

चहात खरा त्रास साखरेचा. साखर अल्कोहोलमध्ये जवळपास विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून नुसते अल्कोहोल टाकून लोक फसतात. पाणी हवे, पण नळाचे किंवा विहिरीचे नको, त्यातले क्षार मागे राहतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर घ्या, पाव लिटर पुरते.

वायर काढा. वायरलेस असेल तर आधी बॅटरी सोडवा. सर्व कीकॅप काढा आणि कोमट साबणाच्या पाण्यात घाला. काढण्याआधी फोटो घ्या, ओळीओळीच्या कीकॅपची उतरण वेगळी असते आणि चुकीच्या ओळीत बसवलेली बोटाला खटकते. ४, ५, ६ चे स्विच आणि त्यांच्या खालच्या ओळीचेही काढा, चहा उतारावर वाहतो. बोर्डवरून डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेला मऊ ब्रश दोन-तीनदा फिरवा, टिपकागदाने पाणी टिपा, मग अल्कोहोलचा ब्रश फिरवा. अल्कोहोल उरलेले पाणी बरोबर घेऊन उडून जाते. खिडक्या उघड्या ठेवा, आणि समई, गॅस वगैरे काहीही जवळ पेटते नको. पंख्याखाली पूर्ण २४ तास, पावसाळ्यात ४८ तास वाळवा. हेअर ड्रायरची गरम हवा सोडू नका, प्लास्टिक वाकते.

चहा प्यालेले स्विच धुवून परत लावण्यापेक्षा नवेच लावा. दूध आत राहिले तर वास सुटतो आणि मुंग्या येतात. आपल्याकडे मुंग्या स्विचच्या खाचेत सहज घर करतात.

स्विच सोल्डर केलेले असतील तर घरी एवढे करता येत नाही. बोर्ड उलटा धरून डिस्टिल्ड वॉटरचे थेंब दांड्याभोवती सोडायचे, दाबत राहायचे, मग अल्कोहोल. निम्म्या वेळा जमते. नाहीतर सोल्डरिंग येणाऱ्या कारागिराकडून तीन स्विच बदलून घ्या. चहा हाताशी असणाऱ्याने पुढच्या वेळी हॉट-स्वॅपच घ्यावे, असे आम्हाला ठामपणे वाटते.

शून्य, अधिक आणि एंटरच्या कमानी खडखडत असतील तर तारेच्या वळलेल्या टोकांना डायइलेक्ट्रिक सिलिकॉन ग्रीस काडीच्या टोकाने लावा. मोहरीच्या दाण्याएवढे पुष्कळ होते. त्या तारेवर तांबूस ठिपके दिसले तर गंज सुरू झाला आहे. ग्रीसचा पातळ हात संपूर्ण तारेवर फिरवा.

प्रश्न : काजूगराच्या मालाची प्रत आणि डब्यांची संख्या भरतो : २४०, ३२०, पुढे किलो, पुढे दर. पॅडवर टॅब नाही, दोन शून्यांचे बटण नाही. जुन्या हिशेबयंत्रावर ‘००’ होते. ते मिळेल का?
— काजू प्रक्रिया उद्योजक, वेंगुर्ले

उत्तर : मिळेल. पॅड क्यूएमके किंवा ‘व्हाया’ या, बटणांची कामे बदलू देणाऱ्या प्रोग्रॅमवर चालणारे आहे का ते खोक्यावर पाहा. असेल तर पॅड वायरने जोडा, क्रोम किंवा एज ब्राउझरमध्ये व्हायाचे पान उघडा आणि पॅडला परवानगी द्या. मॅक्रोच्या, म्हणजे एका दाबात अनेक दाब पाठवण्याच्या विभागात पहिल्या जागी फक्त ०० लिहा आणि जतन करा. मग बटणांच्या नकाशात जे बटण कमी लागते त्यावर तो मॅक्रो बसवा. त्याच्या शेजारी टॅब बसवा. ही मांडणी पॅडच्या स्वतःच्या स्मृतीत राहते, दुसऱ्या संगणकाला लावले तरी तशीच चालते. मॅक्रोतली शून्ये वरच्या ओळीतली म्हणून जातात, त्यामुळे नम लॉक बंद असले तरी ‘००’ चालते.

तशी सोय नसलेल्या पॅडवर एक्सेलची मदत घ्या. भरायचा पूर्ण चौकोन आधी माउसने निवडा, मग नुसते एंटर दाबत गेलात तरी खाली जाऊन शेवटी पुढच्या स्तंभाच्या माथ्यावर आपोआप उडी पडते. आडवेच भरायचे असेल तर एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये, अ‍ॅडव्हान्स्ड विभागात, एंटरनंतरची दिशा खालीऐवजी उजवीकडे करा. त्याच विभागात दशांश चिन्ह आपोआप घालण्याची सोय आहे : १२५५० टाकले की १२५.५० होते. पैशांसकट दर भरणाऱ्याला ती आवडते. ती लावल्यावर नुसते १२५ टाकले तर मात्र १.२५ होते, आणि ती त्या संगणकावरच्या सगळ्या फाइलींना लागू होते. काम संपले की बंद करा.

प्रश्न : मागच्या उत्तरात पॅड उजवीकडे ठेवा म्हटले होते. मला ते पटले नाही. डावीकडे ठेवल्यावर खांदा दुखायचा थांबला.
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : तुमचे बरोबर आहे, आम्ही दुरुस्ती करतो. बटणांमधले अंतर १९.०५ मिलिमीटर असते. चार स्तंभ म्हणजे सुमारे ७६ मिलिमीटर, वर चौकट धरून नऊ-दहा सेंटिमीटर. पॅड उजवीकडे असले की माउस तेवढा दूर जातो आणि हात दिवसभर बाहेर ताणलेला राहतो. सुट्या पॅडचा मोठा फायदाच हा, की ते हलवता येते. डाव्या हाताने आकडे टाकायची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतील. तोवर वेग कमी होईल, हिशेब मिटवायच्या दिवसांत हा बदल सुरू करू नका. उजव्याच हाताने आकडे टाकणाऱ्याने लांब नोंदींच्या वेळी पॅड पुढे घ्यावे आणि बाकी वेळ मागे सारावे.

प्रश्न : नवे पॅड नव्या लॅपटॉपला दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या वायरने जोडले तर दिवाही लागत नाही. जुन्या संगणकाला लावले की चालते. परत पाठवू का?
— वाचक, रोहा

उत्तर : आधी टाइप-ए ते टाइप-सी वायर आणि छोटा अडॅप्टर लावून पाहा. टाइप-सी पोर्ट समोरून ठरावीक रोधकाची खूण मिळाल्याशिवाय वीज देत नाही. स्वस्त पॅडमध्ये ५.१ किलोओहमचे दोन रोधक वगळलेले असतात. ए-टाइप पोर्ट अशी खूण मागत नाही, म्हणून तिथे चालते. अडॅप्टरने काम भागत असेल तर ठेवा. पण खोक्यावर ‘सी ते सी’ चालेल असे लिहिले असेल तर तो दोषच, मुदतीत परत करा.

प्रश्न : आमची खोल्यांची पेढी जून ते सप्टेंबर बंद असते. पॅड कसे ठेवावे?
— निवास व्यावसायिक, गुहागर

उत्तर : मे संपता संपता, हवा कोरडी असलेल्या दुपारी ठेवा. एकदा पाऊस लागला की डब्यात कोंडलेली हवाच दमट असते. कीकॅप काढून ब्रशने धूळ आणि क्षार झाडा, बोर्डवर अल्कोहोलचा हात फिरवा, कीकॅप पुन्हा बसवा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची ५० ग्रॅमची पुडी टाका. रंग बदलणारे जेल घ्या : निळे असेल तर ओले झाल्यावर गुलाबी होते, नारिंगी असेल तर हिरवे पडते. ऑगस्टमध्ये एकदा झाकण न उघडता बाहेरून रंग पाहता यावा म्हणून डबा पारदर्शक असू द्या. रंग बदलला असेल तर पुडी काढून जेल ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास दोन-तीन तास तापवा, गार झाल्याबरोबर परत घाला. तांदळात ठेवू नका, पीठ स्विचमध्ये जाते. वायरही गुंडाळून त्याच डब्यात ठेवा, तिच्या टोकाच्या पिनाही गंजतात. समुद्राकडची भिंत टाळा, डबा माजघरातल्या कपाटात, जमिनीपासून वर असू द्या. ऑक्टोबरात काढल्यावर लगेच हिशेबाला बसू नका. नोटपॅड उघडून प्रत्येक आकडा पन्नास वेळा दाबा, आणि कॉलम ५१ दिसतो का पाहा.